अंग गार पडल्यानंतर

आपल्या बोलीत ‘गार पडला’ म्हणजे गेला. माणूस कोसळला की घरातल्या बायका आधी तळपायाला हात लावून बघतात. पाय गार लागले की सुंठीची पूड चोळायची, वरून जाड गोधडी घालायची, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरायचा. कांदा आमच्या निफाड तालुक्यात कोणत्याही घरी हाताशीच असतो. शेजारी जमतात, एखादी म्हातारी छातीवर तळहात ठेवून सांगते, ‘अजून धुगधुगी आहे.’ ऊब आहे तोवर जीव आहे, हा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आणि तो खोटाही नाही.

अशा घरातल्या माणसाला आयसीयूच्या दाराशी उभं करून आम्ही सांगतो, की तुमच्या वडिलांचं हृदय बंद पडलं होतं, ते पुन्हा सुरू झालंय आणि आता आम्ही मुद्दाम त्यांचं अंग गार करतोय. त्याने काय समजायचं?

काही वर्षांपूर्वी ओझरजवळच्या एका मळ्यातले साठीचे गृहस्थ असे आले होते. त्यांना घरात सगळे नाना म्हणत. द्राक्षबागेत औषधाची फवारणी उरकून बांधावर बसले आणि बसल्या जागी कलंडले. पुढे काय काय झालं ते मी नंतर सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेत त्यांचा मुलगा आत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन त्याने माझा हात धरला. ‘डॉक्टर, नानांचे हातपाय गार लागू राहिले. काय असंल ते सांगून टाका. आम्ही मन घट्ट केलंय.’ बहिणींना निरोप गेले होते, गावाकडून जीप निघाली होती. मी त्याला बाकावर बसवलं. ‘गार आम्ही केलंय, नाना गेले म्हणून ते गार नाहीत,’ हे वाक्य मला तीनदा म्हणावं लागलं. तो मान हलवत होता, पण हातानं जे लागलं होतं तेच त्याला खरं वाटत होतं.

त्याच्या हातात ठेवायला माझ्याकडे मराठीत एक पानही नव्हतं. त्या बाकावरच्या वीस मिनिटांतून ही पुस्तिका सुरू झाली.

आधी एक घोटाळा दूर करू. हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन गोष्टी आपण एकाच नावाने बोलतो. शेतकऱ्याला मी असं सांगतो: अटॅक म्हणजे पाइपलाइन चोंदली, मोटर अजून चालू आहे. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे मोटरच बंद. चोंदलेल्या पाइपमुळे मोटर जळू शकते, तसा अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण अटॅक आलेला माणूस बोलतो, घाम पुसतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. अरेस्ट झालेला माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध होतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतोच. चार-पाच मिनिटं रक्त मिळालं नाही की त्याच्या पेशी मरायला लागतात.

आणि रक्त परत आलं म्हणून गोष्ट संपत नाही. हे समजायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. उपाशी राहिलेल्या पेशीत कॅल्शियम शिरतं, तिला भडकवणारी रसायनं मोकाट सुटतात, परत आलेल्या प्राणवायूतूनच जाळपोळ करणारे रेणू तयार होतात, मेंदूला सूज येते. पहिली इजा रक्त थांबल्याची, दुसरी रक्त परत आल्यानंतरची. ही दुसरी इजा काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत चालू राहते. मॉनिटरवर हृदयाचे ठोके छान दिसत असतात, रक्तदाब जागेवर असतो, आणि आत मेंदू हळूहळू हरत असतो. गारव्याचा उपचार या दुसऱ्या इजेसाठी आहे. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. चार अंश उतरवलं की जवळपास पाव हिस्सा वाचतो.

आमच्या भागात ही कल्पना नवीन नाही, फक्त ती माणसाला लावलेली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव, ओझर, दिंडोरीच्या बागांतून द्राक्षं तोडतात ती ऊन चढायच्या आत. तोडलेल्या घडात शेतातली उष्णता असते. पॅक हाऊसवर मण्यात सुईसारखा थर्मामीटर खुपसून आतलं तापमान बघतात, क्रेटमधल्या हवेचं नाही. मग प्री-कूलिंगच्या खोलीत काही तासांत ते चार अंशांच्या आसपास आणायचं आणि पुढे कोल्ड स्टोरेजमध्ये शून्याजवळ ठेवायचं. घड वेलीवरून तुटला तरी मणी श्वास घेत राहतो. गारव्यात तो श्वास मंद होतो, देठ हिरवा राहतो, माल आठवडे टिकतो. प्री-कूलिंगला उशीर झाला तर नंतर कितीही थंड ठेवा, देठ तपकिरी पडतो, हे पॅक हाऊसवरच्या कुठल्याही पोऱ्याला विचारा. हीच थंडी डिसेंबर-जानेवारीत वेलीवर पडली तर? निफाडचा पारा दोन-तीन अंशांवर येतो, मणी तडकतात, आणि शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो. किती गारवा, केव्हा आणि किती वेळ, या तीन प्रश्नांवर आमचा तालुका जगतो. अतिदक्षता विभागातले डॉक्टर गेली वीस-बावीस वर्षं याच तीन प्रश्नांवर भांडत आहेत.

त्या भांडणाची मागची गोष्ट थोडक्यात. टोरांटोत विल्फ्रेड बिगेलो यांनी प्राण्यांवर दाखवून दिलं की शरीर गार केलं तर रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवता येतो. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला असंच गार करून तिच्या उघड्या हृदयातलं छिद्र बुजवलं. १९६० मध्ये बाहेरून छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये पीटर सफार यांनी पुनरुज्जीवनाच्या पायऱ्या लिहिताना शुद्धीवर न येणाऱ्या रुग्णाला गार करण्याची पायरीही घातली. पण त्या काळी फार खोल थंडी वापरत. हृदयाचे ठोके बिघडत, जंतुसंसर्ग होई, आणि हळूहळू हे सगळं मागे पडलं.

ते परत आलं २००२ च्या फेब्रुवारीत. एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले. एक युरोपातला, २७५ रुग्णांचा: शरीर ३२ ते ३४ अंशांवर चोवीस तास ठेवलं. सहा महिन्यांनी ज्यांचा मेंदू नीट काम करत होता असे रुग्ण गार केलेल्यांत ५५ टक्के, न केलेल्यांत ३९ टक्के. दुसरा मेलबर्नमधला, स्टीफन बर्नार्ड यांचा, ७७ रुग्णांचा. तिथे रुग्णवाहिकेतच कपडे काढून डोक्याभोवती आणि अंगावर बर्फाच्या थैल्या लावायला सुरुवात करत. ४९ टक्के विरुद्ध २६ टक्के. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूसाठी इतका फरक पाडणारा उपाय तोवर कुणी पाहिला नव्हता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शिफारस आली. आम्हीही बर्फ भरायला लागलो, आणि मनापासून भरला.

ते दिवस मला स्पष्ट आठवतात. मशीन नव्हतंच. फ्रीजमध्ये सलाइनच्या बाटल्या चार अंशांवर ठेवलेल्या असत. बर्फ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, वर टॉवेल गुंडाळून, मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत, जांघेत ठेवायचा, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. टॉवेल विसरला की कातडी भाजल्यासारखी होते. तापमान काखेत बघून चालत नाही. अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात बारीक तार घालून आतलं तापमान बघायचं, मण्यात खुपसलेल्या त्या सुईसारखंच. ३५ अंशांच्या आसपास रुग्ण कुडकुडायला लागतो. कुडकुडणं म्हणजे शरीराने स्वतःच पेटवलेली शेकोटी. आपण बर्फ लावतोय आणि स्नायू उष्णता तयार करताहेत, प्राणवायू आणखी खर्च होतोय. मग गुंगीची औषधं, मॅग्नेशियम, कधी स्नायू ढिले करणारं इंजेक्शन. आमच्या एका सिस्टरने मला जे शिकवलं ते पुस्तकात मी नंतर वाचलं: पोट, छाती गार ठेवायची, पण हातापायांना आणि चेहऱ्याला ऊब द्यायची, कुडकुडणं कमी होतं. ती रुग्णाच्या हातात लोकरीचे मोजे घालायची. नातेवाइकांना ते पाहून बरंही वाटायचं. मी तेव्हा तसं सुचवलं असतं, तर नानांच्या मुलाच्या हाताला तो गारठा लागला नसता.

परत गरम करणं हे आणखी नाजूक काम. ताशी पाव ते अर्धा अंश, त्याहून जोरात नाही. गार करताना रक्तातलं पोटॅशियम उतरतं, गरम करताना वर येतं. उतरलेलं बघून उत्साहाने भरून काढलं असेल तर परतीच्या वाटेवर ठोके बिघडतात. साखर वाढते. रक्त गोठायला वेळ लागतो. न्यूमोनिया टपून बसलेला असतो. रात्रभर दर तासाला कुणीतरी हे सगळं लिहून ठेवावं लागतं, आणि ते काम सिस्टरच करतात. या पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण त्यांच्यासाठी आहे आणि ते सर्वांत मोठं आहे.

मग २०१३ साल आलं. युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या ९३९ रुग्णांवरचा अभ्यास: अर्ध्यांना ३३ अंशांवर ठेवलं, अर्ध्यांना ३६ वर. फरक काहीच नाही. २०२१ मध्ये त्याच गटाने चौदा देशांतले जवळपास १९०० रुग्ण घेतले; एका बाजूला ३३ अंश, दुसऱ्या बाजूला नेहमीचं तापमान, फक्त ताप येऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांत मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के. गार केलेल्यांत ठोक्यांचे बिघाड उलट जास्त. मधल्या काळात, २०१९ मध्ये, फ्रान्समधल्या एका अभ्यासात शॉक देऊन उपयोग नसलेल्या प्रकारच्या अरेस्टमध्ये ३३ अंशांचा थोडा फायदा दिसला होता, मेंदू नीट राहिलेले १०.२ टक्के विरुद्ध ५.७ टक्के. म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही. पण २००२ चा तो मोठा फरक पुन्हा कुणाला दिसला नाही, हे खरं.

मग २००२ मध्ये दिसलं ते काय होतं? बर्नार्ड यांनी रुग्णांची वाटणी तारखेवरून केली होती, सम तारीख की विषम. अशा वाटणीत डॉक्टरला आधीच कळतं की आजचा रुग्ण कुठल्या बाजूला जाणार. ती एक उणीव. माझ्या मते खरं उत्तर युरोपच्या अभ्यासात दडलं होतं. तिथे न गार केलेल्या रुग्णांना सोडून दिलं होतं, म्हणजे त्यांना हलकासा ताप येत होता. अरेस्टनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप येणं अगदी नेहमीचं. म्हणजे आम्ही वीस वर्षं ज्याला थंडीचा फायदा समजत होतो, त्यातला बराचसा ताप नसल्याचा फायदा असावा. इजा झालेल्या मेंदूला एक-दीड अंश जास्तीची उष्णता किती महागात पडते, हे त्यातून उमगलं. आज आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात: बेशुद्ध रुग्णाचं तापमान सतत आतून मोजा आणि ३७.५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे साडेनव्याण्णव फॅरनहाइटच्या वर जाऊ देऊ नका, निदान ३६ ते ७२ तास. काही विभाग अजूनही ३३ निवडतात, काही ३६. एकालाही चूक म्हणता येणार नाही. चूक आहे ती तापमान न मोजण्यात. ‘हल्ली गार करायची गरज नसते’ एवढंच वाक्य ऐकून मोजमापच सोडून दिलेले विभाग मी पाहिले आहेत, आणि तिथे शंभर-एकशे एक ताप अंगात घेऊन पडलेले रुग्णही. लेकराला ताप चढला की मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवून आई रात्रभर जागते. आयसीयूत तेवढी जाग हवी.

महाराष्ट्राचा या गोष्टीत स्वतःचा, फार मोलाचा वाटा आहे, आणि तो बाळांच्या बाबतीत आहे. जन्मताना गुदमरलेल्या, मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाला ३३.५ अंशांवर ७२ तास ठेवायचं, हा उपचार पाश्चात्त्य देशांत सिद्ध होऊन रुळला होता. आपल्याकडेही त्याची स्वस्त साधनं तयार झाली; वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मदतीने बनलेला, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या लाद्यांचा पाळणा अनेक ठिकाणी गेला. पण आपल्या बाळांना त्याचा फायदा होतो का, हे कुणी नीट तपासलं नव्हतं. २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत ते तपासलं गेलं. ‘हेलिक्स’ हे त्या अभ्यासाचं नाव. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल त्याचे प्रमुख, आणि मुंबईचं केंद्र होतं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. ४०८ बाळं. २०२१ मध्ये निकाल आला: गार केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. म्हणजे जो उपाय परदेशात बाळं वाचवत होता, त्याने इथे नुकसान केलं.

हा निकाल आला तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. शीवसारख्या पालिकेच्या रुग्णालयात, जिथे एका सिस्टरकडे किती बाळं असतात ते मुंबईकरांना सांगायला नको, तिथल्या लोकांनी हा अभ्यास चिकाटीने पूर्ण केला आणि आपल्याला नको असलेलं उत्तर जगासमोर ठेवलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. असं का झालं याचं संशोधकांचं एक अनुमान असं, की आपल्याकडच्या पुष्कळ बाळांची इजा जन्माच्या क्षणी होत नाही. ती त्याआधी, लांबलेल्या कळांमध्ये, कदाचित त्याहूनही आधी होऊन गेलेली असते. गारवा पोचतो तोवर इजेचा तो टप्पा निघून गेलेला असतो.

गारवा उशिरा पोचतो. मला या संपूर्ण विषयात जे सांगायचं आहे, ते इथून सुरू होतं.

१९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली ८० मिनिटं अडकलेल्या आना बोगेनहोल्म या तरुण डॉक्टरचं शरीर १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, आणि ती वाचली. ही हकीकत ऐकून लोक मला विचारतात, मग आपण का नाही? कारण तिचं शरीर आधी गार झालं आणि हृदय नंतर थांबलं. थंडी मेंदूपाशी आधीच हजर होती. ओझरच्या मळ्यात मे महिन्याच्या दुपारी जो माणूस कोसळतो, त्याचा मेंदू ३७ अंशांवर, पूर्ण भुकेलेला असताना रक्त थांबतं. त्यानंतर रुग्णवाहिका येणार, ठोके सुरू होणार, महामार्गाने दहावा मैल, आडगाव करत नाशिक गाठणार, भरती होणार, मग कुणीतरी बर्फ काढणार. रुग्णवाहिकेतच थंड सलाइन भरून ही दिरंगाई टाळता येते का, हेही अमेरिकेत करून पाहिलं गेलं; २०१४ च्या त्या मोठ्या अभ्यासात फायदा झाला नाही, उलट हृदय पुन्हा बंद पडण्याचं आणि फुफ्फुसात पाणी साठण्याचं प्रमाण वाढलं.

नानांची गोष्ट अर्धवट राहिली आहे. ते बांधावर कलंडले तेव्हा शेजारच्या मळ्यातला एक तरुण पन्नास पावलांवर होता. तो ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरीला. १९६४ पासून आमच्या गावाची ओळखच ‘ओझर मिग’ अशी झाली ती त्याच कारखान्यामुळे. तिथल्या पाळीत त्याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. नाना आचके देत होते. बाकीचे म्हणाले, श्वास चालू आहे, पाणी पाजा. त्याने पाणी पाजू दिलं नाही. आचके म्हणजे श्वास नव्हे हे त्याला शिकवलं होतं. तो गुडघ्यावर बसला आणि छाती दाबायला लागला. दमला तेव्हा नानांच्याच सालगड्याला दाबायला लावलं. १०८ ची रुग्णवाहिका आली, आत डॉक्टर होते, शॉक दिला गेला, दुसऱ्या शॉकला हृदय सुरू झालं. नानांनी पाचव्या दिवशी डोळे उघडले. नावं विसरतात, पण बागेत जातात.

त्याच महिन्यात, त्याच बेडवर, तसाच बर्फ, त्याच सिस्टर, वयाने नानांपेक्षा वीस वर्षांनी तरुण एक रुग्ण होता. तो घरात कोसळला होता. घरात सहा माणसं होती. पायाला सुंठ चोळली, कांदा हुंगवला, गाडी शोधली. रुग्णालयात पोचेपर्यंत छातीवर कुणाचा हात पडला नव्हता. त्याला शुद्ध आली नाही. त्या सहा जणांत माया कमी नव्हती, जीव तोडून धावले होते ते. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

छाती दाबल्याशिवाय आणि शॉक मिळाल्याशिवाय गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. हा आकडा समोर ठेवला की ३३ अंश की ३६ हा वाद कुठे बसतो ते कळतं. छाती दाबणारे हात मेंदूला थोडं तरी रक्त पोचवतात आणि ते लगेच पोचवतात. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवून दिली. तोंडाने श्वास द्यायची अट काढून टाकली, कारण त्या अटीपायीच लोक मागे सरतात. माणूस हाकेला उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही? १०८ ला फोन, आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब, मदत येईपर्यंत. दुसऱ्या प्रकरणात ते चित्रांसह दिलं आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. ती गाडी वाऱ्यासारखी आली तरी तिला काही मिनिटं लागणारच. ती मिनिटं घरच्यांची आहेत.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त छळत आली. घाईचा निकाल.

गार केलेला, गुंगी दिलेला रुग्ण हाक मारली तर डोळे उघडत नाही, चिमटा काढला तर हात ओढत नाही. थंडीत औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात, त्यामुळे गुंगी बंद केल्यावरही तो दिवस-दोन दिवस तसाच राहू शकतो. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी, कधी कनिष्ठ डॉक्टर, कधी डॉक्टर असलेला लांबचा मेहुणा, म्हणून जातो, ‘मेंदू गेला, काही राहिलं नाही.’ इकडे बाहेर खर्चाचा आकडा वाढत असतो, कुणीतरी ऐकलेलं असतं की मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून पैसे काढतात. रुग्णाचं अंग गार लागतं ते तर समोरच असतं. मग सही करून घरी नेतात.

खर्चाची ओढाताण मला कळते, द्राक्षाला भाव नसलेल्या वर्षी तर फारच कळते, आणि घरी नेणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण निदान खरी माहिती असावी. सर्वसाधारण नियम असा की तापमान नेहमीवर आल्यावर, गुंगी उतरल्यावर आणि अरेस्टला किमान ७२ तास उलटल्यावरच मेंदूबद्दल अंदाज बांधायचा. तोही एका तपासणीवरून नाही, बाहुल्यांची हालचाल, मेंदूचा आलेख, स्कॅन, अशा दोन-तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर. ‘ब्रेन डेड’ हा तर कायद्याचा शब्द आहे, १९९४ च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या डॉक्टरांनी, ठरलेल्या तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा करून मगच वापरायचा. शरीर थंड असताना त्या तपासण्या करतच नाहीत. वाट पाहूनही पुष्कळ रुग्ण जागे होत नाहीत, हे मी लपवणार नाही. बाहेर अरेस्ट होऊन आयसीयूपर्यंत पोचलेल्यांत निम्मे तरी जातात, तेही जिथे सगळं वेळेत मिळतं तिथल्या अभ्यासांत. तरीही तीन दिवसांनी समजून घेतलेला नकार आणि पहिल्या रात्री घाबरून घेतलेला नकार यांचं ओझं घरात वेगवेगळं राहतं. दुसरं ओझं वीस-वीस वर्षं वाहणारी माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘तेव्हा थांबलो असतो तर?’

डॉक्टर मित्रांना माझं सांगणं एवढंच, की भेटीच्या वेळेआधी दोन वाक्यं बोला. हात गार लागेल, तो आम्ही केलाय. अजून तीन दिवस आम्ही काहीही ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. ही दोन वाक्यं कुठल्याही मशीनपेक्षा स्वस्त आहेत, आणि मी स्वतः ती बोलायला फार उशिरा शिकलो.

नातेवाइकांना तीन प्रश्न विचारायला ही पुस्तिका शिकवते: आतलं तापमान आत्ता किती आहे, गुंगी चालू आहे की बंद, आणि ७२ तास कधी पूर्ण होतात. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर आनंदाने उत्तर देईल.

पुस्तिकेचं शेवटचं पान कापून दारामागे चिकटवता येईल असं छापलं आहे. वर १०८ आहे आणि छाती दाबण्याचं चित्र आहे. खाली पाच ओळी रिकाम्या आहेत. तुमच्या घरात, वस्तीवर, गल्लीत ज्यांना छाती दाबता येते त्यांची नावं आणि फोन नंबर त्या ओळींवर लिहा. एकही नाव सुचलं नाही, तर या रविवारी शिकून घ्या आणि पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहा.

ओझर, ता. निफाड